जालीम नायक आणि आमच्या लेकी

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. गेल्या वर्षी सहामाही परीक्षेच्या आधी नववीच्या निबंधाच्या वह्या तपासायला घेतल्या, तेव्हा त्या गठ्ठ्यात एका मुलीची रफ वही चुकून आली. वही डावीकडून उघडली तर मराठीचे शुद्धलेखन. उजवीकडून उघडली तर उर्दूत लिहिलेली कादंबरी. एकच वही दोन्ही बाजूंनी भरत आलेली. शुद्धलेखनाची पाने सहा होती आणि कादंबरीची एकेचाळीस.

आम्ही ती कादंबरी वाचली. परवानगीवाचून वाचली, हा गुन्हा आधीच कबूल करतो. नायक कोणी एक शाह. काळा सलवार-कमीज, कपाळावर ताणलेली शीर, मागे चार बंदूकधारी. दुसऱ्या पानावर तो नायिकेला कॉलेजच्या फाटकातून उचलून नेतो. पाचव्या पानावर तिच्या भावाच्या डोक्याला पिस्तूल लावून निकाह लावतो. नवव्या पानावर थप्पड. बाराव्या पानावर तिला ताप येतो तेव्हा रात्रभर उशाशी बसून राहतो. नायिका मोठी जबान चालवणारी. पानोपानी त्याला सुनावते की मी तुला घाबरत नाही. पण एकेचाळिसाव्या पानावरही ती त्याच हवेलीत असते.

मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावून घेतले. रागावलो नाही. एवढेच विचारले, "बेटा, तुझी ही मुलगी इतकी हिंमतवान आहे, तर निघून का जात नाही?"

ती आमच्याकडे असे पाहू लागली, जणू आम्हांला कथेतले काहीच कळत नाही. म्हणाली, "मिस, चली जाएगी तो कहानी ही खतम हो जाएगी ना."

हा लेख त्या उत्तरामुळे लिहीत आहोत.

ज्या वाचकांच्या घरात पंधरा-सोळा वर्षांची लेक आहे, त्यांना यातले काही ठाऊक असेल, बरेचसे नसेल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. वर्ग मोबाइलवर भरू लागले आणि ज्या घरांत मुलीच्या हाती फोन देणे पाप समजले जात होते, त्या घरांतही तो द्यावा लागला. अभ्यासाच्या पीडीएफबरोबर दुसऱ्याही पीडीएफ आल्या. पाकिस्तानात लिहिल्या गेलेल्या, एका हप्त्यामागून दुसरा हप्ता अशा वाढणाऱ्या उर्दू कादंबऱ्या. त्यांची वर्गवारीही दुकानातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात तशी. 'रूड हीरो बेस्ड', 'फोर्स्ड मॅरेज बेस्ड', 'किडनॅपिंग बेस्ड', 'वनी बेस्ड'. मुली मैत्रिणीकडे मागतानाही असेच मागतात. लेखिकेचे नाव बऱ्याचदा ठाऊक नसते, पण बरणी ठाऊक असते.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. 'शुआ' किंवा 'ख़वातीन डायजेस्ट' यांसारख्या मासिकांची परंपरा जुनी आहे. त्यांतून चांगल्या लेखिका घडल्या आहेत. आमच्या आया-खालांनी ती मासिके हातोहात वाचली आणि त्यांची उर्दू त्यावर पोसली. त्या सगळ्या लेखनाला आम्ही एका काठीने हाकत नाही. आमचे भांडण त्या एका साच्याशी आहे, ज्यात पुरुषाची क्रूरता हाच त्याच्या प्रेमाचा पुरावा मानला जातो.

'वनी' हा शब्द आमच्या कोकणातल्या, खानदेशातल्या वाचकांना परका वाटेल. दोन घराण्यांत खून झाला की तडजोड म्हणून खुन्याच्या घरातली मुलगी दुसऱ्या घराण्याला लग्नात द्यायची, ही पाकिस्तानच्या काही भागांतली प्रथा. तिथल्याच कायद्याने ती गुन्हा ठरवली आणि २०११ मध्ये शिक्षा आणखी कडक केली. ज्या प्रथेविरुद्ध तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तिच्यावरच या कादंबऱ्यांत प्रीतीचा मांडव घातला जातो. खुनाच्या बदल्यात आलेली मुलगी, सूड घ्यायला टपलेला नवरा, आणि शेवटी त्याच्या छातीवर टेकलेले तिचे डोके. आमच्या गावात हवेली नाही. दोन खोल्यांचे भाड्याचे घर आहे आणि नळाला दिवसाआड पाणी आहे. पण हवेली नसली म्हणून काय झाले? तिच्यातला पुरुष दोन खोल्यांतही मावतो.

आता काही मंडळी लगेच म्हणतील, बघा, हे यांच्यातच असले. काही आपली मंडळी म्हणतील, ही पश्चिमेची देन. दोघांनाही सांगतो, या नायकाला मजहब नाही आणि तो कालचाही नाही. १७४० मध्ये इंग्लंडात सॅम्युएल रिचर्डसनने 'पामेला' लिहिली. मालक मोलकरणीला आपल्या दूरच्या वाड्यात कोंडून ठेवतो, तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो, ती बधत नाही, आणि अखेरीस बक्षीस म्हणून तिला काय मिळते, तर तोच मालक, नवरा म्हणून. पुढे १७४७-४८ मध्ये त्याच लेखकाने 'क्लॅरिसा' लिहिली. तिच्यात नायक नायिकेला फसवून नेतो, गुंगीचे औषध देऊन तिची अब्रू घेतो, मग लग्नाला तयार होतो. सगळे तिला म्हणतात, कर लग्न, झाकले जाईल. ती नाही म्हणते. मरण पत्करते, पण त्याची बायको होत नाही. ती कादंबरी भागाभागाने निघत होती, आणि वाचक रिचर्डसनला पत्रे पाठवून विनवत होते की त्या माणसाला सुधारा, दोघांचे लग्न लावून द्या. रिचर्डसन बधला नाही. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीही वाचकांना जालीम नायक सुधारलेला हवाच होता. फरक इतकाच, की त्या दिवशी लेखक वाचकांपुढे झुकला नाही.

नंतरच्यांनी झुकण्याचा धंदा केला. १९१९ मध्ये ई. एम. हल या इंग्रज बाईंची 'द शेख' ही कादंबरी आली. डायना मेयो नावाची मानी इंग्रज तरुणी अल्जेरियाच्या वाळवंटात फिरायला जाते, अहमद बेन हसन नावाचा शेख तिला पळवतो, तंबूत कोंडतो, तिच्यावर पुन्हा पुन्हा बलात्कार करतो, आणि ती त्याच्या प्रेमात पडते. पुस्तक तुफान खपले. १९२१ मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनोला घेऊन चित्रपट निघाला. आमच्या वाचकांनी यातली गंमत नीट पाहावी. शेवटाकडे कळते की हा शेख अरब नव्हेच. बाप इंग्रज उमराव, आई स्पॅनिश. जुलूम करायचा तर तो अरबी वेषात, आणि संसार करायचा तर रक्त गोरे! आजही मिल्स अँड बूनच्या कादंबऱ्यांत शेख-नायकांची रांग संपलेली नाही. जगाने ज्या मुसलमान पुरुषाचे राक्षसी चित्र काढले म्हणून आम्ही सभा घेतो, निषेध करतो, तेच चित्र आमच्या मुली आज उर्दूत, कौतुकाने, गालावर हात ठेवून वाचत आहेत. त्या कादंबऱ्यांतला शाह आणि हलबाईंचा शेख हे एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. हे आम्हांला सर्वांत जास्त झोंबते.

पुढचा इतिहास जवळचा आहे. २०११ मध्ये 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' आली, तिचा जन्म 'ट्वायलाइट'च्या चाहतीने लिहिलेल्या कथेतून झाला. २०२१ मध्ये एच. डी. कार्लटन यांची 'हाँटिंग अ‍ॅडलाइन' आली. आता या प्रकाराला 'डार्क रोमान्स' असे रीतसर नाव आहे. तिच्यातला नायक नायिकेवर पाळत ठेवतो, तिच्या घरात चोरून शिरतो, पिस्तुलाचा धाक घालतो. आणि तोच नायक बाहेर मुलींचा व्यापार करणाऱ्यांचा कर्दनकाळ असतो. ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नायकाचा जुलूम धुऊन काढायचा असेल तर त्याच्या शेजारी त्याहून मोठा जालीम उभा करायचा. आमच्या विद्यार्थिनीच्या वहीतही तेच होते. सत्ताविसाव्या पानावर शाहचा एक दुश्मन येतो, नायिकेचा हात धरतो, आणि शाह त्याची बोटे तोडतो. ज्याने स्वतः तिला उचलून आणले, तो आता तिचा मुहाफिज! चोराने घरात शिरून दुसऱ्या चोराला हाकलले, म्हणून घर त्याच्या नावावर होते काय?

या कादंबऱ्यांची वकिली करणारे म्हणतात की नायिका तर मजबूत आहे, रडूबाई नाही. आम्ही शांतपणे विचारतो, मजबूत म्हणजे काय? ती बोलते. तिच्या बोलण्याने काय बदलते? काही नाही. तिचे बोलणे नायकाला आवडते, इतकेच. "तुझा हा तोराच मला आवडतो," असे तो म्हणतो आणि दाराला बाहेरून कडी घालतो. बैल जितका माजोरी, तितका त्याला वेसण घालणाऱ्याचा रुबाब मोठा. तिची मजबुती त्याच्या विजयाची किंमत वाढवण्यासाठी आहे. तिला नोकरी नाही, मैत्रीण नाही, हातात पैसा नाही, माहेरी परतायची वाट नाही. लेखिका हे सगळे एकेक करून काढून घेते आणि मग उरलेल्या जिभेला हिंमत म्हणते. आमची मजबुतीची कसोटी साधी आहे. ती निघून जाऊ शकते का? जाऊ शकत असूनही राहिली, तर ते प्रेम असू शकेल. जाऊच शकत नसेल, तर ती कैद आहे, मग गालिचा कितीही मऊ असो.

आता निकाहाविषयी. या कादंबऱ्यांत निकाह आधी उरकतात. का? कारण त्यानंतर जे होईल ते हलाल ठरते, आणि वाचणाऱ्या मुलीच्या मनाला टोचणी राहत नाही. पिस्तुलासमोर तीनदा 'कुबूल है' म्हणवून घेतले की लेखिका मोकळी, वाचक मोकळी. एका मुसलमान शिक्षकाला याहून मोठी बेअदबी कोणती वाटावी? ज्या धर्मात निकाह हा करार आहे आणि मुलीची रजामंदी हा त्याचा पाया आहे, त्यातला 'कुबूल' हा शब्द येथे दरडावून वदवून घेतला जातो. हजरत खन्सा बिन्ते खिदाम यांचा निकाह वडिलांनी त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला, त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या आणि तो निकाह रद्द ठरवला गेला. हे बुखारी शरीफमध्ये आहे, आमच्या मनचे नाही.

आणि हजरत बरीरा? त्या गुलामीतून मुक्त झाल्या, तेव्हा गुलाम पतीबरोबर राहायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क त्यांना मिळाला. त्यांनी नाही म्हटले. पती मुगीस मदिनेच्या गल्ल्यांतून त्यांच्या मागे रडत फिरत, दाढी आसवांनी भिजे. खुद्द प्रेषितांनी (स.) त्यांना सुचवले की परत जा. बरीरांनी विचारले, हा हुकूम आहे का? नाही, केवळ शिफारस आहे, असे उत्तर मिळाले. मग त्या म्हणाल्या, मला त्याची गरज नाही. आणि विषय तेथे संपला. कोणी त्यांना उद्धट म्हटले नाही, कोणी फरफटत नेले नाही. प्रेम खरे असूनही नकार मान्य झाला. आम्ही विचारतो, ही नायिका मजबूत नव्हे काय? हिची कथा आमच्या मुलींना कोणी हप्त्याहप्त्याने सांगितली?

कायद्याची गोष्ट तर वर्गात कोणीच काढत नाही. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आमच्या किती लेकींना ठाऊक आहे? नवऱ्याचा छळ हे त्या कायद्यात निकाह तोडण्याचे कारण आहे. अंगाला हात न लावता केवळ वागणुकीने बायकोचे जगणे असह्य केले, तरी तो छळच, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा आहे. पण खरे सांगायचे तर देशाच्या कायद्यालाही त्या हवेलीचा वास आहे. जुलै २०२४ मध्ये नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलीच राहिली. लग्न झाले की नकाराला किंमत नाही, हे फक्त कादंबरीवाली म्हणत नाही. म्हणून सगळे पाप एका मुलीच्या वहीवर लादणे आम्हांला जमत नाही.

आमच्या विरोधातले दोन मुद्दे मात्र आम्ही मनापासून मान्य करतो.

पहिला असा की आमच्या वडिलांच्या पिढीने इब्ने सफीची 'जासूसी दुनिया' उशाखाली ठेवून वाचली. १९५२ पासून इलाहाबादहून निघणाऱ्या त्या कादंबऱ्यांत प्रेते पडत होती, पण कोणी म्हटले नाही की मुलगे खुनी होतील. मग बायका काही वाचू लागल्या की एकदम समाज बुडतो कसा? हा प्रश्न रास्त आहे. वाचणारी प्रौढ स्त्री कल्पना आणि संसार यांतला फरक जाणते. अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने एका गावातल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ मध्ये पुस्तक लिहिले. त्या बायका म्हणाल्या, वाचनाची वेळ ही दिवसातली एकच वेळ आमची स्वतःची. स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्या आमच्या भाभीही हेच म्हणतील. पण त्याच बायकांनी हेही सांगितले होते की प्रेमकादंबरीत बलात्कार नको आणि दुष्ट नायकही नको. त्यांनी आपली रेघ आखली होती. पश्चिमेतल्या आजच्या अनेक डार्क रोमान्सच्या पहिल्या पानावर, आत काय काय आहे याचा इशारा तरी छापलेला असतो. आमच्या मुलींकडे येणाऱ्या पीडीएफवर इशारा नसतो, आणि रेघ कशी आखावी हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. चाळिशीच्या बाईने वाचणे आणि ज्या मुलीने प्रेम म्हणजे काय ते दुसरीकडे कुठेच पाहिले नाही तिने वाचणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

दुसरा मुद्दा अधिक दुखणारा आहे. मुलींना हे आवडते का? आम्ही मुलींशी बोललो. ज्या घरात कोणी तिला विचारत नाही की तुला काय हवे, तेथे एक पुरुष रात्रंदिवस केवळ तिचाच विचार करतो, ही कल्पनाच गोड लागते. आणि तो जबरदस्ती करतो म्हणून ती शरीफ राहते. तिने स्वतः कोणावर प्रेम केले असते तर ती बदचलन ठरली असती. प्रेम हवे, पण मागायची सोय नाही, मग ते लादले गेलेलेच बरे. ही वाट मुलींनी आपणहून काढलेली नाही. बाकीच्या सगळ्या वाटा आम्ही बंद केल्या आहेत.

आणि मुलगे? ते हे वाचत नाहीत. पण २०१९ मध्ये 'कबीर सिंग' आला, २०२३ मध्ये 'अ‍ॅनिमल' आला, आणि 'अल्फा' हा शब्द आमच्या दहावीच्या मुलांच्या तोंडी बसला. मुलगी वाचते की जालीम पुरुषच खरे प्रेम करतो, मुलगा पाहतो की जालीम झाल्यावरच मुलगी मिळते. दोन्ही बाजूंनी भरत आलेल्या वहीसारखेच हे आहे. मध्ये कुठेतरी ही दोघे भेटणार आहेत. आम्हांला भीती त्या पानाची आहे.

आमच्या स्टाफरूममध्ये या वहीची चर्चा झाली, तेव्हा एका सहकाऱ्यांनी सुचवले की पालकांना बोलवा, फोन काढून घ्यायला सांगा, वही फाडून टाका. आम्ही म्हटले, मग त्या शाहमध्ये आणि आपल्यात फरक काय राहिला? तोही तिच्या भल्यासाठीच दार बंद करतो. बंदीचा इतिहास आम्हांला ठाऊक आहे. १८६९ मध्ये डेप्युटी नझीर अहमद यांनी 'मिरातुल उरूस' लिहिली. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते, आणि ती लिहिली गेली तीच मुलींना वाचायला काही हवे म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'बहिश्ती ज़ेवर'मध्ये मुलींनी टाळण्याच्या पुस्तकांची यादी आली, तर तीत नझीर अहमद यांची पुस्तकेही होती! इकडे मराठीत 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. बंदी घातलेल्या पुस्तकाला वाचक कमी पडला, असे आजवर झालेले नाही. शिवाय आज फोन काढून घेतला जातो, उद्या त्याच कारणाने शाळा काढून घेतली जाते. नववीतून मुलगी घरी बसवायला बापाला निमित्तच हवे असते. ते निमित्त आम्ही देणार नाही.

मग काय करायचे? येथे आम्ही या अंकाच्या लेखकांकडे वळतो. आम्ही मुस्लिम मराठी लेखकांनी तलाकवर लिहिले, दंगलीवर लिहिले, गरिबीवर, मोहल्ल्यावर, ओळखीच्या प्रश्नावर लिहिले. ते आवश्यक होते. परंतु सोळा वर्षांच्या मुसलमान मुलीने रात्री पांघरुणात वाचावी अशी प्रेमाची गोष्ट आम्ही किती लिहिल्या? जिच्यात मुलगा दारू पीत नाही, मारत नाही, आणि तरीही कंटाळवाणा नाही अशी? जिच्यात मुलगी नाही म्हणते आणि मुलगा ऐकून घेतो, अशी? आमच्या गोष्टींत मुसलमान मुलगी येते ती बहुधा बळी म्हणून. बळी होण्याची हौस कोणाला असते? त्या हवेलीत ती निदान नायिका तरी असते. आम्ही रिकामी ठेवलेली जागा शाहने व्यापली आहे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाचे कपाट दोन वर्षे बंद होते, कारण किल्ली सापडत नव्हती. ती शोधायला आम्हीही हललो नव्हतो.

वहीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. वही आम्ही परत केली. शुद्धलेखनाच्या बाजूने लाल शाईने चुका दाखवल्या. कादंबरीच्या बाजूला खूण केली नाही. फक्त त्या मुलीला म्हटले, "बेटा, बेचाळिसावे पान असे लिही की ती निघून गेली. मग पुढे काय होते ते आम्हांला वाचायचे आहे."

चार दिवसांनी ती आली. वही छातीशी धरलेली. म्हणाली, "मिस, हवेली से तो निकाल दिया. स्टँड तक आई है. लेकिन उसके पास टिकट के पैसे नहीं हैं."

आम्हांला क्षणभर काही सुचले नाही. तिच्या मागे उभी असलेली मैत्रीण म्हणाली, "मेहर लिखा था ना पाँचवें पेज पे? पाँच लाख. वो किधर गया?"

तिने पाने उलटली. निकाहाच्या प्रसंगात मेहर लिहिला होता. दिलेला कुठेच नव्हता. दोघी तेथेच बाकावर बसून वाद घालू लागल्या. मेहर वसूल करायचा तर काझीकडे जायचे की कोर्टात, आणि तोवर ही राहणार कुठे, खालाकडे की हॉस्टेलवर? घंटा झाली तरी त्यांचे चालूच होते.

कथा संपली नव्हती. ती आता स्टँडवर उभी आहे, रात्रीचे नऊ वाजले आहेत आणि पुढची गाडी कोणती हे तिला ठाऊक नाही. नववीतल्या दोन मुलींनी तिला इथपर्यंत आणले. पुढचे पान लिहायला या अंकातले कोणी तयार आहे का?